उरलेल्या पावांचा हिशोब

लेकीने नववीत शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट घेतलं आणि मी कॉलेज फुटबॉलमध्ये पडले. दोन्हींचा संबंध असा, की बँडच्या गणवेशांना आणि प्रवासाला पैसे लागतात. ते उभे करायला पालकांनी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये कन्सेशन स्टँड, म्हणजे खाण्यापिण्याचा स्टॉल, चालवायचा आणि विक्रीतला ठरलेला वाटा बँडच्या खात्यात जायचा. अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेडियममध्ये तुम्हाला हॉट डॉग देणारा माणूस असाच कुणीतरी बिनपगारी असतो, चर्चच्या मंडळाचा नाहीतर शाळेतल्या मुलाचा बाप. 2015 च्या सप्टेंबरात पहिल्यांदा मी कॅन्सस विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये टोपी आणि प्लॅस्टिकचे हातमोजे घालून उभी राहिले, तेव्हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली ढकलाढकली एवढंच मला ठाऊक होतं.

आमच्या स्टँडवरून मैदान दिसत नाही. समोर काँक्रीटचा बोळ, बोळापलीकडे जिन्याच्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या वर आकाशाचा एक चौकोन. त्यामुळे मी हा खेळ पाहायला नाही, ऐकायला शिकले. आणि प्रेक्षक मोजायला शिकले ते पावांवरून.

आमच्या गटाची प्रमुख एका ट्रम्पेटवाल्या मुलाची आई होती. शुक्रवारी संध्याकाळी ती हवेचा अंदाज, समोरचा संघ आणि सामन्याची वेळ या तीन गोष्टी बघायची आणि किती पाव मागवायचे ते ठरवायची. त्या वर्षी तिचा अंदाज प्रत्येक वेळी चुकला आणि प्रत्येक वेळी पाव उरले. संघ बारा सामने खेळला आणि बाराही हरला. नोव्हेंबरात तर अशी वेळ आली की हॉट चॉकलेट घ्यायला येणारे लोक गिऱ्हाईक म्हणून नव्हे, यंत्राजवळ हात शेकायला येत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात उपस्थितीचा आकडा वाचला की मी हसायचे. हा आकडा म्हणजे विकलेली आणि वाटलेली तिकिटं असतात, गेटवर स्कॅन झालेली नव्हे. बहुतेक ठिकाणी हीच चाल आहे. पण पाव खोटं बोलत नाहीत.

एक सांगते, विद्यापीठाचं हे लॉरेन्स म्हणजे बास्केटबॉलचं गाव. ज्यांनी बास्केटबॉल शोधला ते जेम्स नेस्मिथ इथले पहिले प्रशिक्षक. (आणि कॅन्ससच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेले तेवढेच एक. शोध लावणाऱ्याची ही थट्टा गावात प्रेमाने सांगतात.) ॲलन फील्डहाउसमध्ये बास्केटबॉलच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंत शनिवार काढायचं साधन. 2007 च्या मोसमात इथल्याच संघाने तेरापैकी बारा सामने जिंकून ऑरेंज बोल, म्हणजे मोसमाअखेरचा एक मानाचा सामना, मारला होता, हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी ते गावातल्या जुन्या पुरासारखं ऐकलं. झालं असेल कधीतरी. कारण 2010 पासून 2021 पर्यंत, सलग बारा मोसम, या संघाने एकाही वर्षी तीनपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत.

तरी काही लोक यायचे. आमच्या गल्लीतले एक आजोबा विद्यार्थी असल्यापासून येत होते. त्यांनी इथला सगळ्यात गाजलेला खेळाडू गेल सेयर्स याला धावताना पाहिलंय, म्हणजे 1960 च्या दशकाची सुरुवात. काखेत निळी उशी, कानाला छोटा रेडिओ. तिसऱ्या क्वार्टरला रांग संपली की ते पॉपकॉर्न घ्यायला माझ्याकडे यायचे. एकदा मी न राहवून विचारलं, “आजोबा, 40 गुणांनी हरतोय आपण, थंडी मरणाची, का बसता?”

“घरी गेलो तर बायको गॅरेज आवरायला लावते,” म्हणाले आणि पॉपकॉर्नवर जास्तीचं बटर मारून घेतलं.

हे उत्तर मी बरीच वर्षं विनोद म्हणून सांगत होते. आता तसं वाटत नाही. माणसं सामन्याला येतात तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची दुसरी एखादी योजना असते आणि स्टेडियमला तिच्याशी झगडायचं असतं. आजोबांची दुसरी योजना गॅरेज होती. माझ्या नवऱ्याची दुसरी योजना म्हणजे आमच्या बैठकीतला 65 इंची टीव्ही, आणि ती फार तगडी आहे.

आमचं यावरून दरवर्षी भांडण होतं. तो म्हणतो, “घरी टॉयलेटला रांग नाही, रिप्ले चार बाजूंनी दिसतो, आणि हरायला लागले की चॅनेल बदलता येतो.” यातलं एकही खोडता येत नाही. मजा म्हणजे ही भीती फार जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावर बंधनं घातली, कारण टीव्हीवर सामना दिसला तर मैदानात कोण येणार? ते बंधन 1984 पर्यंत टिकलं. मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि विद्यापीठांना आणि त्यांच्या परिषदांना, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांना, आपापले हक्क विकायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून शनिवार सकाळी अकराला सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत पडद्यावर कुठे ना कुठे कुणीतरी पळत असतं.

टीव्हीने पैसा आणला आणि मैदानातल्या माणसाचा दिवस मात्र बिघडवला. सामना सकाळी अकराला की संध्याकाळी सहाला हे वाहिनी ठरवते. पुष्कळदा बारा दिवस आधी, कधी कधी फक्त सहा दिवस आधी. दोनशे मैलांवरून येणाऱ्या कुटुंबाने हॉटेल कधी घ्यायचं? आणि मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस उभा असतो. तो आत आला की जाहिराती चालू, तो बाहेर गेला की खेळ चालू. घरी बसलेला माणूस तेवढ्यात चहा टाकून येतो. मैदानातला माणूस नुसता बसून राहतो, 22 धट्टीकट्टी मुलं कमरेवर हात ठेवून उभी आहेत ती बघत. लेकीच्या शेवटच्या वर्षी मी एकदा स्टँड सोडून सामना बघायला वर गेले होते. माझं लक्ष सगळा वेळ त्या लाल टोपीवर. नाटकात विंगेतला माणूस दिसावा तसं झालं.

देशभर 2008 नंतर कॉलेज फुटबॉलची सरासरी उपस्थिती वर्षानुवर्षं घसरत गेली, आणि त्यात जिंकणारेही सुटले नाहीत. अलाबामा म्हणजे या खेळातलं सगळ्यात दांडगं घर. तिथेही विद्यार्थी हाफटाइमनंतर उठून जायचे, इतके की 2019 मध्ये विद्यापीठाने एक ॲप काढलं. चौथ्या क्वार्टरपर्यंत तुमचा फोन स्टेडियममध्ये असेल तर जास्तीचे गुण, आणि गुणांवर पुढच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटात प्राधान्य. जिंकणाऱ्या संघाला हजेरी घ्यावी लागते, तर आमच्या विद्यार्थ्यांनी हाफटाइमला टेलगेटच्या, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या खाण्यापिण्याच्या मेजवानीच्या, तंबूकडे परत जाणं यात नवल काय? माझ्या काउंटरवरून ती गळती स्पष्ट दिसायची. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी निळे शर्ट जिन्यावरून खाली यायचे, आम्ही हातमोजे सारखे करून तयार राहायचो आणि ते आमच्याकडे न बघता गेटकडे जायचे.

पण सगळे रिकामे शनिवार सारखे नव्हते. बँड डेला जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांचे बँड मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवरून संचलन करत आणि हाफटाइमला मैदानावर एकत्र वाजवत. प्रत्येक झांजवाल्यामागे आई, बाप, आजी आणि कंटाळलेला धाकटा भाऊ. पाव संपायचे! गर्दी जमवायची इतकी साधी आणि जुनी युक्ती दुसरी नाही, पोरांना मैदानात उभं करा, घरचे आपोआप येतात. आणि त्यातलं एखादं पोर ते मैदान आतून बघून पुढे याच विद्यापीठात येतं. माझी लेक आली. तिच्या निवडीत त्या दिवसाचा वाटा किती ते ती सांगत नाही, पण तिच्या फोनच्या वॉलपेपरवर अजून तोच फोटो आहे.

2016 च्या नोव्हेंबरातला टेक्ससचा सामना मी पैसे मोजताना ऐकला. शेवटच्या क्वार्टरला आम्ही गाशा गुंडाळत होतो. शटर अर्धं खाली, एक ट्रे हॉट डॉग टाकून द्यायचे की घरी न्यायचे यावर चर्चा. मग वरून एक आवाज आला जो मी त्या दोन वर्षांत ऐकलाच नव्हता. टाळ्या नव्हेत, ओरडा नव्हे, पायांचा धडधडाट. जादा वेळेत 24–21 ने कॅन्सस जिंकलं होतं. टेक्ससला हरवलं ते 1938 नंतर पहिल्यांदा. मी नोटांची गड्डी हातात घेऊनच जिन्यावर धावले. (ट्रम्पेटवाल्याच्या आईने याबद्दल मला पुढे पुष्कळ ऐकवलं.) मैदान माणसांनी भरलेलं आणि गोलपोस्ट वाकलेला. थोड्या वेळाने तो पोरांच्या खांद्यांवरून स्टेडियमबाहेर निघाला आणि जवळच्या टेकडीलगतच्या पॉटर तलावात गेला. इथली रीतच आहे ती. मोठा विजय झाला की गोलपोस्टचं विसर्जन.

त्या रात्री आम्हाला वाटलं, आता दिवस पालटले. कसले पालटतात! पुढच्या वर्षी एक विजय. 2020 ला शून्य. 2021 चा मोसम नवे प्रशिक्षक लान्स लीपोल्ड यांच्या हाताखाली सुरू झाला तो साउथ डकोटाविरुद्ध, म्हणजे खालच्या गटातल्या संघाविरुद्ध, आणि आम्ही 17–14 असे जेमतेम जिंकलो. तरीही पोरं मैदानावर धावली. देशभर खिल्ली उडाली. मला मात्र ती पोरं फार आवडली. उपाशी माणसाने शिळ्या भाकरीला नावं ठेवायची नसतात.

आता गोंगाटाबद्दल. बाहेरच्याला वाटतं वातावरण म्हणजे सतत ओरडणं. तसं नाही. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. आपल्याकडे चेंडू असला की घरच्या प्रेक्षकांनी गप्प बसायचं, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकची, खेळी चालवणाऱ्याची, हाक सगळ्यांना ऐकू जाते. समोरच्यांकडे चेंडू आला की बोंब मारायची, आणि त्यांचा तिसरा प्रयत्न असला की घसा फाडायचा, कारण तो फसला की बहुतेक वेळा ते चेंडू सोडून देतात. त्यांना एकमेकांचं ऐकू आलं नाही की कुणीतरी वेळेआधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. तेवढा दंड तिकीट काढून आलेल्या माणसाने बसवलेला असतो. हे सगळ्या 40 हजारांना एकाच वेळी कळावं लागतं, आणि ते कळायला सवय लागते. 2015 मध्ये आमचे लोक चुकीच्या वेळी ओरडायचे, कारण ओरडायची वेळच क्वचित यायची. टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार गेल्यावर, हात वर करून गव्हाच्या शेतासारखे डोलवायचे, ही इथली पद्धत. तेव्हा शेतात चार-चार फुटांवर एक रोप.

मग 2022 चा सप्टेंबर आला. लेक शाळेतून कधीच बाहेर पडली होती. आता धाकटा ड्रम वाजवत होता आणि मी स्टँडवर जुनीजाणती झाले होते. संघाने पहिले तीन सामने जिंकले. पुढे ड्यूक, आयोवा स्टेट आणि टीसीयू असे सलग तीन शनिवार घरच्या मैदानावर, आणि तिन्हींची तिकिटं संपली. प्रत्येक वेळी 47,233. ड्यूकच्या सामन्याला हाफटाइमच्या आतच आमचे पाव संपले. मी सॉसेज कागदी वाटीत घालून विकले आणि लोकांनी ते घेतले. तिसऱ्या प्रयत्नाला आमचं पत्र्याचं शटर कडकडायला लागलं. मी हात लावून बघितला, खरंच थरथरत होतं.

टीसीयूच्या वेळी ईएसपीएन वाहिनीचा ‘कॉलेज गेमडे’, सामन्याआधीचा देशभर बघितला जाणारा कार्यक्रम, पहिल्यांदाच फुटबॉलसाठी लॉरेन्सला आला. मंच कॅम्पनीलीच्या टेकडीवर. दुसऱ्या महायुद्धातल्या इथल्या विद्यार्थ्यांचं स्मारक असलेला तो घंटामनोरा, पदवी मिळायच्या आधी विद्यार्थी ज्याखालून जात नाहीत. त्याच टेकडीच्या गवतावर बसून गावातली माणसं वर्षानुवर्षं फुकटात सामना बघत आलीत. त्या दिवशी मी पहाटे अंधारात सामान उतरवायला गेले तेव्हा पोरं तिथे ब्लँकेट गुंडाळून आधीच हजर होती. आम्ही 38–31 ने हरलो. कुणी हाफटाइमला गेलं नाही.

पण त्याच तीन शनिवारांत मला एक गोष्ट लागली. माझी रांग. पंचवीस-तीस माणसं, नेटवर्क कोलमडल्यामुळे कार्डाचं यंत्र गोल गोल फिरतंय, आणि वर गर्जना झाली की रांगेतली सगळी डोकी जिन्याकडे वळतात. एक बाबा दोन लहान मुलींना घेऊन उभा होता. धाकटीने विचारलं, “काय झालं वर?” तो म्हणाला, “आपण चुकवलं ते.” पहिल्यांदा आलेलं कुटुंब अख्खा क्वार्टर नाचोजसाठी बोळात उभं राहिलं तर परत कशाला येईल? वर्षानुवर्षं सगळे विचार करत होते की लोक येतील कसे. ते आल्यावर त्यांचं करायचं काय, याचा विचार कुणी केलाच नव्हता. मीही नाही. त्यानंतर आम्ही सुटी पेयं आणि पॉपकॉर्नसाठी वेगळी, फक्त रोख पैशांची रांग सुरू केली. शोध मोठा नाही, पण बोळ मोकळा झाला.

2023 च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमा आलं. सामना चालू असताना विजा चमकायला लागल्या, खेळ थांबला आणि सगळ्यांना आडोशाला पाठवलं. बोळ माणसांनी गच्च. मी नवऱ्याला मेसेज केला, आता संपलं, हे लोक घरी जाऊन टीव्हीवर बघणार. मग खेळ पुन्हा सुरू व्हायची घोषणा झाली आणि गर्दी जिन्याकडे वळली. गेटकडे नव्हे, जिन्याकडे. आठ वर्षांत मी पाहिलेली ही पहिली उलटी गळती. शेवटचं मिनिट उरलं असताना डेव्हिन नीलने टचडाउन केला. हा पोरगा लॉरेन्सचाच, इथल्याच शाळेत शिकलेला. 38–33. ओक्लाहोमाला 1997 नंतर पहिल्यांदा हरवलं. गोलपोस्ट पुन्हा तलावात. आणि रात्री उशिरा नवरा ओल्या बुटांनी घरात आला. मेसेज वाचून तो निघाला होता, आत जायला तिकीट नव्हतं म्हणून टेकडीवर भिजत उभा राहिला होता. मी काही बोलले नाही. असे क्षण मोडायचे नसतात.

2024 मध्ये स्टेडियमचं काम निघालं आणि ‘घरचे’ सामने 40 मैलांवर कॅन्सस सिटीत गेले, दोन सामने एका सॉकरच्या मैदानात आणि बाकीचे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये. एक वर्ष भाड्याच्या घरात काढलेला गणपती, त्याबद्दल अधिक काही नाही.

2025 मध्ये 23 ऑगस्टला फ्रेस्नो स्टेटविरुद्ध नवं स्टेडियम उघडलं. जागा मुद्दाम कमी केल्यात, एकेचाळीस हजारांच्या थोड्या वर. रिकाम्या पन्नास हजारांपेक्षा भरलेले चाळीस हजार बरे, हे कुणाच्या तरी डोक्यात शिरलं म्हणायचं. पूर्वेची बाजू मात्र अजून जुनीच होती. धाकटाही शाळेतून बाहेर पडला होता, त्यामुळे माझी स्टँडची नोकरी संपलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिकीट काढून, सुरुवातीपासून, खुर्चीवर बसून सामना बघितला. गल्लीतले आजोबा दोन रांगा खाली. त्यांच्या नव्या खुर्चीला पाठ आणि गादी दोन्ही आहेत, त्यामुळे निळी उशी मांडीवर घेऊन बसलेले, आणि त्याबद्दल चिडलेले.

शेवटी सगळे एकमेकांना धरून ‘रॉक चॉक, जेहॉक, केयू’ म्हणतात. जेहॉक हा इथल्या संघाचा चिन्हपक्षी, केयू म्हणजे विद्यापीठ. 1886 साली रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आणि त्याच्या मंडळाने केलेली आरोळी, विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिथल्या चुनखडीवरून. आधी अगदी संथ, पोटातून, आणि मग वेगाने. ती मी वर्षानुवर्षं शटरमागून ऐकली होती, फ्रायर पुसताना.

पण ते शेवटी. हाफटाइमला मी पाणी आणायला खाली गेले. रांग बरी होती, पुढे सरकत होती. काउंटरवर सोळा-सतरा वर्षांची मुलगी, केसांवर जाळी. तिच्या पायामागे पावांच्या पेट्या दिसल्या आणि मी नकळत मोजायला लागले.

“तुम्हाला काय हवंय?” तिने विचारलं.

“किती पेट्यांनी सुरुवात केली होती?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट पाण्याची बाटली घेतली. जिन्याकडे वळले तोवर दुसरा अर्ध सुरू झाला होता. आधी शांत, मग वरून तो आवाज आला, वाढत वाढत, शेवटी तुटल्यासारखा. पायऱ्या चढणारा एक माणूस थांबला. “काय झालं?” म्हणाला.

“तिसरा प्रयत्न होता,” मी म्हटलं, “अडवला त्यांना.” वर जाऊन बघायची गरज नव्हती, पण गेले.